निलगिरीचं झाड निलगिरीचं नाहीच! डोंगरातल्या जंगलाची हजारो वर्षांची हिस्ट्री कशी वाचतात?

सर्दी झाली की घरात हमखास बाहेर निघणारी बाटली म्हणजे निलगिरीचं तेल. रुमालावर दोन थेंब टाकायचे आणि हुंगायचं. हे तेल ज्या झाडाच्या पानांतून काढतात, त्या झाडालाही आपण मराठीत निलगिरीच म्हणतो. त्यामुळे हे झाड निलगिरी पर्वतातलं असणार असं वाटणं साहजिक आहे. पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं, नाव युकॅलिप्टस. १८४० च्या दशकात इंग्रजांनी ते उटीच्या आसपास लावायला सुरुवात केली आणि तिथे ते इतकं पसरलं की आपल्या भाषेत त्याला डोंगराचंच नाव चिकटलं.

मग ते येण्याआधी त्या डोंगरांवर काय होतं?

प्रश्न साधा वाटतो, पण आज कुठली झाडं काढायची, कुठे नवीन लावायची आणि कुठे काहीच लावायचं नाही, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. सरकारी कागदपत्रं फार तर दोनशे वर्षं मागे नेतात. जंगलाच्या हिशेबात हा काळ काहीच नाही, एखादं झाडच तेवढं जगतं. म्हणून शास्त्रज्ञ चिखल उपसतात, परागकण मोजतात, कार्बन तपासतात, खोडातली वर्तुळं वाचतात. हे तंत्र चालतं कसं आणि त्यावरून डोंगरातल्या जंगलाचे निर्णय कसे बदलतात, ते बघूया.

गवत दिसलं, म्हणून जागा 'रिकामी' वाटली

निलगिरीच्या माथ्यावर, साधारण दोन हजार मीटरच्या वर गेलात की एक वेगळीच मांडणी दिसते. डोंगरांच्या घळींमध्ये, ओढ्यांच्या कडेने गच्च, बुटकं, सदाहरित जंगल असतं. त्याला शोला म्हणतात. घळीच्या बाहेर, उतारांवर आणि माथ्यांवर मात्र लांबच लांब गवत. दोघांमधली सीमा अगदी कात्रीने कापल्यासारखी. बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी या गवताळ उतारांवरची आणि निलगिरी ताहर नावाची रानबकरीसुद्धा इथेच चरते. टोडा लोकांच्या म्हशींचं कुरणही हेच. त्यांच्या कमानीच्या आकाराच्या देवळांवर शाकारायचं गवत इथल्याच पाणथळ जागांतून येतं.

१८१९ मध्ये कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन या पठारावर आला आणि पुढे काही वर्षांत उटी वसलं. थंडी कडाक्याची, त्यामुळे शेकोटीला लाकूड हवं. शोला लहान आणि सावकाश वाढणारी. म्हणून झटपट वाढणारी विदेशी झाडं आणली गेली: युकॅलिप्टस आणि बाभळीच्या नात्यातलं ऑस्ट्रेलियन वॅटल. लावायची कुठे? गवतावर. कारण सरकारी भाषेत गवताळ उतार म्हणजे पडीक जमीन. स्वातंत्र्यानंतर हे थांबायच्या ऐवजी वाढलं. वॅटलच्या सालीतलं टॅनिन चामडं कमवायला लागायचं आणि निलगिरीच्या लाकडाचा लगदा कारखान्यांना हवा होता.

यामागे एक समजूत पक्की बसली होती. मूळचं इथे सगळीकडे जंगलच असणार, माणसांनी म्हशी चारून आणि आगी लावून ते संपवलं, म्हणून गवत उरलं. म्हणजे झाडं लावली की आपण जुनी चूक दुरुस्तच करतोय! १९३० च्या दशकात वनअधिकाऱ्यांमध्येच यावर वाद झाला. काही जण म्हणायचे गवत माणसाने केलंय, काही म्हणायचे इथल्या गोठवणाऱ्या थंडीमुळे झाडं उतारावर टिकतच नाहीत. पण हजारो वर्षं मागे नेणारा पुरावा तेव्हा कोणाकडेच नव्हता.

चिखल म्हणजे हार्डडिस्क

पुरावा होता, फक्त तो पायाखाली होता. उटीजवळ सँडिनल्ला नावाचं खोरं आहे. तिथल्या दलदलीत पीट साठलेलं आहे. पीट म्हणजे मेलेल्या गवताचा आणि पानांचा अर्धवट कुजलेला काळा थर. पाण्याखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे नेहमीसारखं कुजणं होत नाही. दरवर्षी थोडा थर वर साठत जातो. वरचा थर आजचा, तळाचा सगळ्यात जुना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये वर स्क्रोल केल्यावर जुने मेसेज दिसतात ना, तसंच, फक्त इथे खाली जायचं.

संशोधक जमिनीत पोकळ नळी घुसवून किंवा खड्डा खणून या थरांचे नमुने काढतात आणि त्यात तीन गोष्टी शोधतात.

पहिली गोष्ट, परागकण. फुलांतून उडणारी ही पिवळी धूळ दिसायला नाजूक, पण तिचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट पदार्थाचं असतं. लॅबमध्ये माती तीव्र आम्लात उकळली तरी हे कवच शाबूत राहतं. मग स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि एकेक कण ओळखून मोजायचा. एका नमुन्यात काहीशे कण तरी मोजावे लागतात, म्हणजे काम किती चिकाटीचं आहे बघा. प्रत्येक गटाच्या कणाचा आकार, नक्षी, छिद्रं वेगळी असतात, जणू फिंगरप्रिंटच. थराथरातल्या परागकणांची टक्केवारी काढून जुनी झाडी कशी बदलली हे दाखवायची पद्धत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये मांडली. आपल्याकडे पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेतही परागकणांवर असं काम झालेलं आहे.

पण यात घोळ आहे. वाऱ्यावर पराग उडवणाऱ्या वनस्पती प्रचंड पराग सोडतात, कीटकांवर अवलंबून असलेली झाडं अगदी थोडा. म्हणजे दलदलीत गवताचा पराग जास्त सापडला म्हणून तिथे तेवढंच जास्त गवत होतं असं होत नाही. शिवाय गवतांचे कण एकमेकांसारखे दिसतात, कुठलं गवत ते सहसा कळत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, कार्बन. हवेतल्या कार्बनमध्ये साधा कार्बन-१२ असतो आणि किंचित जड कार्बन-१३ असतो. वनस्पती अन्न तयार करताना हे दोन्ही उचलतात, पण सगळ्यांचं प्रमाण सारखं नसतं. बहुतेक झाडं, झुडपं, शिवाय गहू आणि तांदूळ जड कार्बन बऱ्यापैकी टाळतात. यांना सी-३ वनस्पती म्हणतात. उष्ण प्रदेशातली बरीच गवतं, आपली ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची यंत्रणा वेगळी आहे, त्यांच्यात जड कार्बन जास्त राहतो. या सी-४. मोजमाप हजारात किती फरक असं करतात: सी-३ साधारण उणे २७ च्या आसपास, सी-४ साधारण उणे १२-१३. वनस्पती मेली, काळी पडली, ओळखू येईनाशी झाली, तरी हा आकडा पीटमध्ये तसाच राहतो. ज्वारीचा कडबा आणि गव्हाचा भुसा कुजवून त्याची माती करा, मशीन तरी सांगेल कुठली कोणाची!

तिसरी गोष्ट म्हणजे तारीख. सजीव मेला की त्याच्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ कमी होत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं, साधारण ५० हजार वर्षांपर्यंत. ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

उत्तर काय आलं?

हत्तींवरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निलगिरीच्या पीटमधल्या कार्बनचा अभ्यास छापला. तो सुमारे २० हजार वर्षं मागे जात होता. पुढे १९९७ मध्ये हाच रेकॉर्ड ४० हजार वर्षांपर्यंत वाढवला गेला.

चित्र असं दिसलं. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कोरड्या काळात इथे सी-४ गवतांचा जोर होता. पुढे मान्सून जोरात आला, साधारण ११ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास आकडा सी-३ कडे झुकला. त्यानंतर पुन्हा कोरडे टप्पे आले तसं गवत वाढलं. म्हणजे जंगल आणि गवत इथे हजारो वर्षं पुढे-मागे सरकत आलेत, आणि मुख्यतः हवामानाच्या तालावर. गुरं आणि शेती या डोंगरांवर येण्याच्या कितीतरी आधी इथे गवत होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सी-३ आकडा आला म्हणजे शोलाच, असं नाही. थंड, ओलसर उंचीवर सी-३ प्रकारची गवतंही असतात. त्यामुळे कार्बन एकटा पुरत नाही, परागकणांशी ताळा घालावा लागतो. आणि सगळ्या खोऱ्यांची गोष्टही सारखी नाही, एका दलदलीचा इतिहास शेजारच्या डोंगराला डोळे झाकून लावता येत नाही. पण 'पूर्वी सगळीकडे जंगल होतं' ही समजूत मात्र या पुराव्यापुढे टिकत नाही.

मग झाडं गवतात का शिरत नाहीत? याचं उत्तर आजच्या प्रयोगांतून मिळतंय. हिवाळ्यात उघड्या उतारावर रात्री दव गोठतं आणि शोलाची कोवळी रोपं त्यात मरतात. जंगलाच्या आत, पानांच्या छताखाली, ती वाचतात. ऑस्ट्रेलियन वॅटलला मात्र ही थंडी तेवढी बाधत नाही. म्हणजे ज्या कुलपाने गवत हजारो वर्षं सुरक्षित ठेवलं, त्याची किल्ली आपणच बाहेरून आणली!

मग काम कसं बदललं?

सगळ्यात मोठा परिणाम पाण्यावर होतो. उटीजवळ शेजारशेजारच्या दोन छोट्या पाणलोटांत तुलना करून बघितली होती. एकात गवत तसंच ठेवलं, दुसऱ्यात निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांत निलगिरीच्या पाणलोटातून वाहून येणारं पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. झाडं तोडल्यावर खुंटांना पुन्हा फुटवा आला, त्या खेपेला सुमारे २५ टक्क्यांनी. या डोंगरांच्या पाण्यावर खालची शेती आणि पायकारा, कुंदा यांसारखे वीजप्रकल्प चालतात, त्यामुळे हे आकडे फक्त निसर्गप्रेमींच्या चिंतेचे नाहीत.

इतिहास कळल्यावर धोरणाची दिशा उलटली. तमिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक विदेशी वनस्पती आणि परिसंस्था सुधारणा यासाठी खास धोरण आणलं. गवतात नुकती घुसलेली वॅटलची रोपं आधी काढायची, गवताळ उतारावर झाडं लावायची नाहीत, हा आता वेडेपणा समजला जात नाही.

पण 'सगळं वॅटल सरसकट कापा' हेही चुकीचं ठरतं. वॅटलचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. जंगल उघडं केलं किंवा आग लागली की ते हजारोंनी उगवतं, आणि मग आधीपेक्षा दाट रान होतं. शिवाय जुन्या वॅटलच्या सावलीत काही ठिकाणी शोलाचीच रोपं आपोआप वाढताना दिसतात. तिथे वॅटल हळूहळू विरळ करत शोलाला जागा देणं जास्त शहाणपणाचं. मला विचाराल तर इतिहासाचा खरा उपयोग इथेच आहे: कुठला तुकडा गवताचा होता, कुठला शोलाचा, हे आधी ठरवायचं आणि करवत नंतर उचलायची.

उलटी गोष्ट: अमेरिकेत आग विझवली, म्हणून जंगल जळालं

निलगिरीत चूक झाडं लावण्याची होती. अमेरिकेच्या नैऋत्येला, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत, चूक आग पूर्ण बंद करण्याची झाली. तिथला इतिहास चिखलापेक्षा जास्त खोडांत साठलेला आहे.

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढतं. पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. रुंद-अरुंदचा हा क्रम बारकोडसारखा असतो. जिवंत झाडाचा बारकोड जुन्या तुळईच्या बारकोडशी जुळवला की वर्ष अचूक सांगता येतं. हे तंत्र उभं केलं ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने. त्याला खरं तर सूर्यावरच्या डागांचा माग काढायचा होता! १९३७ मध्ये त्याने टुसॉनच्या विद्यापीठात वृक्षवलयांची खास प्रयोगशाळा सुरू केली. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएममध्ये सागवानाच्या वर्तुळांवरून जुन्या मान्सूनचा अभ्यास होतो, तो याच पद्धतीने.

आता आग. जमिनीलगतची छोटी आग जाड सालीच्या पाँडेरोसा पाइनला मारत नाही, बुंध्याला एक चट्टा पाडते. पुढच्या वर्षांचं लाकूड त्या जखमेवर वळून वाढतं आणि चट्टा कुठल्या वर्तुळात आहे त्यावरून आगीचं वर्ष कळतं. एकाच खोडात असे अनेक चट्टे सापडतात. थॉमस स्वेटनम आणि इतरांनी शेकडो ठिकाणचे चट्टे वाचले तेव्हा दिसलं की या जंगलांत दर काही वर्षांनी छोटी आग फिरून जायची, वाळकं गवत आणि रोपटी साफ व्हायची, मोठी झाडं टिकायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे चट्टे एकदम थांबतात. आधी मेंढ्या-गुरांनी गवत संपवलं, त्यामुळे आग पसरेना. मग १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानामध्ये दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, आणि वनखात्याने आगीविरुद्ध युद्धच पुकारलं. १९३५ मध्ये तर नियम झाला की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे.

परिणाम? मोकळ्या जंगलात रोपट्यांची दाटी झाली, सरपण साठत गेलं. आता आग लागली की ती शेंड्यापर्यंत चढते. २०११ च्या लास कॉन्चास आगीत न्यू मेक्सिकोत दीड लाखांहून जास्त एकर जळालं. म्हणून आता तिथे झाडं विरळ करतात आणि ठरवून, लक्ष ठेवून छोट्या आगी लावतात.

हाच उपाय मात्र यलोस्टोनच्या उंच लॉजपोल पाइनला लावला तर चुकेल. तिथल्या सरोवरांतला कोळसा आणि खोडांतली वर्तुळं सांगतात की मोठी आग तिथे शे-दोनशे, कधी तीनशे वर्षांनी येते आणि आली की सगळं जाळते. त्यातल्या बऱ्याच झाडांची फळं आगीच्या उष्णतेनेच उघडतात. १९८८ मध्ये उद्यानाचा जवळजवळ ३६ टक्के भाग आगीच्या घेऱ्यात आला तेव्हा देश हादरला होता, पण जंगलाच्या हिशेबात ती नवलाची गोष्ट नव्हती. एकच देश, एकाच कुळातली झाडं, तरी औषध वेगळं.

इतिहासाचा आणखी एक वेगळा उपयोग आल्प्सच्या दक्षिण बाजूला झाला. सिल्व्हर फर हे झाड आज तिथे बहुतेक थंड उंचीवर दिसतं, म्हणून हवामान तापलं की ते संपेल असा अंदाज होता. विली टिनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जुन्या परागकणांवरून दाखवलं की आजच्यापेक्षा उबदार काळात हे झाड खालच्या भागातही भरपूर होतं, नंतर आगी आणि चराईने हटलं. म्हणजे पाणी पुरेसं असेल तर उद्याच्या गरम हवेतही ते चालू शकतं. आजचा नकाशा बघून हे कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे काय?

२०१९ मधली ३३ कोटी झाडं लावायची सरकारी मोहीम आठवत असेल. असे कार्यक्रम ठरताना 'इथे आधी काय होतं' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोकळा माळ किंवा कातळाचा सडा दिसला की खड्डे खणायला सुरुवात. कास पठारावरची फुलं तर कातळावरच्या पातळ मातीतच वाढतात. तिथे झाडांची सावली केली की खेळ संपला.

महाराष्ट्राच्या माळांसाठी एक मजेशीर पुरावा मिळालाय, तोही मराठी ग्रंथांतून. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यात आणि कथांमध्ये आलेल्या झाडांची नावं तपासली. त्यातली बरीच झाडं मोकळ्या, गवताळ प्रदेशातली निघाली. म्हणजे आपले माळ किमान ७५० वर्षं तरी माळच आहेत. पंढरपूरला कान्होपात्रेच्या कथेत येणारी तरटी आठवा, ती अशाच कोरड्या मुलखातली. हा पठारी भाग आहे, निलगिरीसारखा उंच डोंगर नाही, पण पद्धत तीच: झाड लावण्याआधी जागेचा भूतकाळ बघायचा.

फोनवर स्वतः बघायचं असेल तर

सॅटेलाइटला हिरवं दिसतं, पण हिरव्यातला फरक आपल्यालाच करावा लागतो. झाडांचं आच्छादन मोजणाऱ्या बऱ्याच नकाशांत गवतावर वॅटल चढलं तरी आकडा 'वाढला' असाच येतो! योग्य पद्धतीने वाचलं तर हेच सॅटेलाइट उलटी बाजूही दाखवतं. पळणीच्या डोंगरांत चार दशकांत उंचावरचं दोन तृतीयांश गवत गेलं, हे २०१८ च्या अभ्यासात सॅटेलाइटच्या फोटोंवरूनच कळलं. जगभरातला परागकणांचा डेटा हवा असेल तर निओटोमा नावाचा डेटाबेस फुकट उघडता येतो. नकाशावर बिंदू दिसतात, त्यातला एक बिंदू म्हणजे कोणीतरी कित्येक महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केलेली मोजणी.

सोपं काही हवं असेल तर गुगल अर्थचं टाइमलॅप्स उघडा, त्यात १९८४ पासूनचे फोटो आहेत. नंतर साध्या सॅटेलाइट व्ह्यूमध्ये उटीच्या पश्चिमेच्या डोंगरांवर झूम करा. घळींतून बोटांसारखे वळत गेलेले गडद पट्टे म्हणजे शोला. सोनेरी-पिवळसर, मऊ दिसणारे उतार म्हणजे उरलेलं गवत. आणि सरळ कडांचे, चौकोनी, एकसारखे हिरवे तुकडे दिसले, तर ते तेलाच्या बाटलीवरच्या नावाचं झाड किंवा त्याचं भावंड वॅटल.